राहिला, लागला, आहे : चालू क्रियेचा एक नकाशा

१/
पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजार समितीत उभे राहावे आणि गाडीत माल भरणाऱ्या चौघा-पाच जणांना एकच प्रश्न विचारावा : काय चालले आहे? सोयगावच्या वरून, खानदेशाच्या सीमेवरून आलेला म्हणेल, "गाडी भरी ऱ्हायनू." वैजापूरकडचा म्हणेल, "गाडी भरू राह्यलो." जालना ओलांडून बुलढाण्याहून आलेला म्हणेल, "गाडी भरून रायलो." गेवराई-बीडकडचा म्हणेल, "गाडी भरायलोय." जुन्या शहरातला हमाल दखनीत सांगेल, "गाडी भर रा." आणि फलकावर लिहायचे झाले, तर कारकून लिहील : गाडी भरत आहे.

२/
अर्थ एकच, रूपे सहा. मित्रहो, या धाग्यात किल्ला नाही, लढाई नाही, ताम्रपट नाही. क्रियापदाच्या शेपटीत दडलेला इतिहास आहे. तो नीट वाचता आला नाही, तर प्रत्यक्ष साक्षीदाराने सांगितलेली घटनासुद्धा आपण चुकीची लिहून ठेवतो. माझ्या घरातल्या एका साक्षीचे असेच झाले. त्या प्रसंगाकडे येण्यापूर्वी थोडे व्याकरण आणि थोडा भूगोल पाहू.

३/
शाळेत आपण शिकलो : "मी आंबा खातो" हा साधा वर्तमानकाळ, "मी आंबा खात आहे" हा अपूर्ण वर्तमानकाळ. अपूर्ण म्हणजे क्रिया सुरू झाली आहे, संपलेली नाही, आपण तिच्या मध्यावर उभे आहोत. ही मध्यावरची अवस्था सांगण्यासाठी अनेक भाषा एखादे साधे, रोजचे क्रियापद मदतीला घेतात. त्याचा मूळ अर्थ बहुधा एखाद्या ठिकाणी असण्याचा, थांबण्याचा, बसण्याचा किंवा उभे राहण्याचा असतो. इटालियन आणि स्पॅनिश भाषांतले असे क्रियापद लॅटिनमधील 'उभे असणे' या धातूपासून आले आहे. जपानीतील 'इरु'चा जुना अर्थ 'बसणे' असा आहे.

४/
मराठीच्या मुलखात या कामावर तीन क्रियापदे दिसतात : असणे, राहणे आणि लागणे. "करत आहे" यात असणे. "करून राहिला", "करू राहिला" यांत राहणे. "करायलाय", "करालाय", "करलालाय" यांत लागणे. आपले शहर या तिघांच्या तिठ्यावर वसले आहे. एकेकाची हकीकत क्रमाने पाहू.

५/
पहिले 'असणे'. 'करीत असे' या घडणीची रचना यादवकालीन मराठीतही सापडते. पुढे छापखाना आला, शाळा आल्या आणि व्याकरणे लिहिली गेली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. शिष्ट म्हणून जी मराठी या काळात स्थिर होत गेली, तिचा मुख्य आधार पुणे परिसरातील सुशिक्षितांची भाषा हा होता. त्यामुळे 'आहे'ची रचना पाठ्यपुस्तकात गेली. राहणे आणि लागणे वेशीबाहेर राहिले.

६/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'करतोय' हे आज शिष्ट बोलण्यातले सहज रूप आहे. ते म्हणजे 'करतो आहे' या दोन शब्दांचा जोडून झालेला संक्षेप. बोलता बोलता शब्द झिजले, एकमेकांत मिसळले आणि एक नवे रूप तयार झाले. ही झीज आपण शुद्ध मानतो. अगदी त्याच रीतीने 'लागलाय' झिजून 'करायलाय' झाले, तर त्याला मात्र गावंढळ म्हणतो. भाषेच्या दृष्टीने दोन्हींची घडण सारखीच आहे. फरक पडला तो कोणते रूप छापले गेले, यामुळे.

७/
दुसरे 'राहणे'. हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. त्याच्या जुन्या अर्थांत 'थांबणे' हा एक ठळक अर्थ आहे. "राहू दे" म्हणजे आता थांबव. "करायचे राहिले" म्हणजे झालेच नाही. आणि नागपूरला "तो करून राहिला" म्हणजे तो आत्ता, या क्षणी करत आहे! एकच शब्द न झालेल्या कामासाठीही आणि चालू कामासाठीही. यात विरोध वाटतो, पण तो वरवरचा आहे. राहणे म्हणजे एका जागी टिकणे. काम जागच्या जागी पडून टिकले, तर ते 'राहिले'. माणूस कामात टिकून असला, तर तो 'करून राहिला'.

८/
वऱ्हाड-नागपूरचे हे 'करून राहिला' म्हणजे हिंदीची नक्कल, असे सर्रास म्हटले जाते. रूपे शेजारी ठेवून पाहा. हिंदीत 'कर रहा', म्हणजे नुसता धातू आणि रहना. वऱ्हाडीत 'करून राहिला', म्हणजे ऊन-प्रत्ययाचे मराठी रूप. नगर-नाशिक आणि वैजापूर-गंगापूरकडे 'करू राहिला', म्हणजे ऊ-प्रत्ययाचे रूप. अहिराणीत 'करी ऱ्हायना'. 'राहणे'ची कल्पना मध्य भारतातल्या अनेक बोलींत आहे, पण प्रत्येकीने ती आपापल्या व्याकरणात बसवली आहे. उसन्या वस्त्राला इतक्या वेगवेगळ्या शिवणी नसतात.

९/
शहराच्या आतला आवाज दखनीचा. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीला, म्हणजे दौलताबादला राजधानीचा मान दिला. उत्तरेकडची बोली तेव्हा मोठ्या संख्येने या पठारावर उतरली आणि मराठी, तेलुगू, कन्नड यांच्या सहवासात वाढली. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी वसवली. १६५३ च्या सुमारास औरंगजेबाने तेथे आपले ठाणे केले आणि शहराला आपले नाव दिले. पुढे याच शहरात सिराज औरंगाबादी हा थोर कवी झाला. आज शहागंजच्या बाजूला ऐकू येणारे "क्या कर रा", "कां जा रा" हे त्या दीर्घ सहवासाचेच बोल. या बोलीने मराठीतून 'नक्को' घेतला, शब्दाला चिकटणारा 'च' घेतला. चालू क्रियेसाठी मात्र 'रहना' जवळ केला आणि झिजवून नुसता 'रा' ठेवला.

१०/
तिसरे 'लागणे', आणि माझ्या मते तिघांत सर्वांत उपेक्षित. मूळ अर्थ चिकटणे, स्पर्श होणे. रंग लागतो, ठेच लागते, आग लागते. शिष्ट मराठीत दुसऱ्या क्रियापदाला जोडले, की ते आरंभ दाखवते. "पाऊस पडू लागला" म्हणजे आतापर्यंत नव्हता, आता सुरू झाला. जुन्या महानुभावीय गद्यातही 'बोलों लागले', 'म्हणों लागले' अशी रूपे आरंभाच्याच अर्थाने येतात. मराठवाड्याच्या मोठ्या भागात मात्र हेच क्रियापद आरंभ ओलांडून पुढे गेले आणि चालू क्रियेचे चिन्ह झाले.

११/
त्याच्या झिजेच्या पायऱ्या आजही निरनिराळ्या गावांत जिवंत ऐकू येतात. 'करायला लागलाय', मग 'कराय लागलाय', मग 'करायलाय', आणि काही ठिकाणी 'करालाय'. दुसऱ्या वाटेने 'करू लागलाय' या रूपातून 'करूलालाय' आणि लातूर-धाराशिव-सोलापूरकडचे 'करलालाय'. या पट्ट्याचे दुसरे टोक थेट कोल्हापूरला पोचते. तेथेही "काय करालायस?" म्हणजे 'काय करतो आहेस?' बीड आणि कोल्हापूर यांत कित्येक कोसांचे अंतर आहे, राजवटी वेगळ्या होत्या, तरी ही रचना दोन्हीकडे आहे.

१२/
याच पट्ट्याला दक्षिणेकडून चिकटून आहे उत्तर कर्नाटक. धारवाड-हुबळीकडच्या कन्नडमध्ये "काय करतो आहेस?" हे "एन् माडाकत्ती?" असे विचारतात. 'माडाकत्ती' या रूपात 'माडु', म्हणजे करणे, आणि 'हत्तु' हे क्रियापद आहे. हत्तु म्हणजे चढणे, चिकटणे, लागणे. कन्नडमध्ये आग 'हत्तते', मराठीत आग 'लागते'. एक भाषा आर्यकुलातली, दुसरी द्राविड. पण शेजारी राहणाऱ्या या दोघींनी चालू काम सांगण्यासाठी एकाच अर्थाचे क्रियापद निवडले आहे. कल्याणीच्या चालुक्यांपासून विजापूरच्या आदिलशाहीपर्यंत या दोन भाषा एकाच राज्यांत, एकाच बाजारपेठांत नांदल्या. शिलालेख आपल्याला राजाचे नाव सांगतात, पण शेतकऱ्यांच्या शेजाराची खूण अशा क्रियापदांत उरते.

१३/
आरंभ दाखवणारा शब्द चालू अवस्था कसा दाखवू लागला? तर्क सोपा आहे. कोणी एखाद्या कामाला 'लागला' आणि अद्याप 'सुटला' नाही, याचा अर्थ तो त्या कामात आहे. आपण शिष्ट मराठीतही म्हणतोच : "तो सकाळपासून कामाला लागलाय." यात आरंभ सांगितला, पण ऐकणाऱ्याला कळते की काम अजून चालले आहे. बीड-लातूरच्या बोलीने हा ध्वनित अर्थच मुख्य केला.

१४/
आता नकाशा मनात मांडा. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे आणि पश्चिमेला प्रवराकाठापर्यंत 'राहणे'. पूर्वेला बुलढाण्यापासून पुढे विदर्भभर 'राहणे'. गोदावरी ओलांडून दक्षिणेला उतरत गेलो, की 'लागणे'. शहराच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनीचे 'रा'. आणि शाळा, कचेरी, वर्तमानपत्र यांतून सर्वत्र 'आहे'. बोलींच्या सीमा अर्थात नकाशावरच्या रेघेसारख्या नसतात. सोयरिकी, बाजार, ऊसतोडीचे स्थलांतर यांनी त्या मिसळत जातात. म्हणून एकाच घरात दोन रूपे सहज नांदतात.

१५/
एवढी समृद्ध सामग्री असताना ग्रंथांत ती इतकी विरळ का? याचे उत्तर राजकीय इतिहासात आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानच्या भाषांची जी प्रचंड पाहणी झाली, तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. उधळ्या पुत्राची एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत सांगायला लावून नमुने गोळा केले गेले. परंतु मद्रास इलाखा, ब्रह्मदेश आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने पाहणीच्या कक्षेबाहेर होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सारे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे मराठीचे आद्य मोठे बोलीसर्वेक्षण आपल्या वेशीपाशीच थांबले.

१६/
पुढे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची ग्रंथमाला सुरू केली. तिचा पहिला खंड दक्षिण कानडातील कोकणीवर, १९६३ चा. दुसरा कुडाळीवर, १९६५ चा. म्हणजे आरंभीचे लक्ष किनाऱ्याकडे होते, आणि त्या बोलींचे वेगळेपण पाहता ते स्वाभाविकही होते. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले आणि गावोगावच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे केली. हे काम फार मोलाचे आहे. तरीही एक संपूर्ण शतक मराठवाड्याची बोली बहुतांशी तोंडातच राहिली, कागदावर आली नाही.

१७/
शिक्षणाचा इतिहासही वेगळा. निजामी राज्यात दरबारी भाषा आधी फारसी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे. मराठी ही घराची आणि देवळाची भाषा. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. शिष्ट मराठी येथे सरकारी व्यवहाराची भाषा म्हणून आली ती याच बारा वर्षांत, आणि येताना आपले 'आहे' घेऊन आली. ज्यांच्या तोंडी 'लागला' आणि 'राहिला' होते, त्यांना प्रथमच कळले की आपण 'अशुद्ध' बोलतो.

१८/
आता घरची गोष्ट. माझ्या आजीचे माहेर बीड जिल्ह्यातले. लग्न होऊन ती आली गोदाकाठच्या एका गावात. ते गाव आज नाथसागराच्या पाण्याखाली आहे. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते. राज्याचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाही १९७६ चाच. या दोन वर्षांच्या मधल्या काळात गोदाकाठची कितीतरी गावे उठली. आजीचे गाव त्यांपैकी एक.

१९/
काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडून ती हकीकत ऐकली आणि मुद्रित केली. एके ठिकाणी ती म्हणते : "पानी वढ्यातून वर याय लागलं व्हतं, अन् आमी घर सारवाय लागलो व्हतो." तिचे बोलणे जसेच्या तसे लिहून मी ते विस्थापितांच्या आठवणींच्या एका संकलनासाठी पाठवले. छापून आले तेव्हा त्या वाक्याची 'शुद्ध' आवृत्ती झाली होती : पाणी ओढ्यातून वर येण्यास सुरुवात झाली होती आणि आम्ही घर सारवण्यास सुरुवात केली होती.

२०/
वाचून मी ती ओळ पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. व्याकरण निर्दोष आणि अर्थ पार बदललेला! छापील वाक्यात एक क्षण आहे : पाणी यायला सुरुवात झाली, आणि त्याच सुमारास काही माणसांनी, कोण जाणे का, सारवायला घेतले. हे चित्र चमत्कारिक आहे. त्यात माणसे भांबावलेली, किंचित वेडी दिसतात. आजीच्या वाक्यात क्षण नव्हताच. तिच्या बोलीत त्याचा अर्थ : पाणी वर येत होते, आणि आम्ही घर सारवत होतो. दिवसामागून दिवस. दोन्ही क्रिया चालू, शेजारी शेजारी.

२१/
मी तिला विचारले, "असं किती दिवस चाललं?" ती म्हणाली, "आख्खा पावसाळा." पाणी ओढ्यातून गावंदरीत आले, मागे सरले, पुन्हा आले. नव्या जागेची वाट पाहत माणसे त्याच घरांत राहत होती. चूल पेटत होती, जमीन सारवली जात होती, सण होत होते. हा एका पावसाळ्याचा धीर, ही वाट पाहण्याची लांबी, त्या वाक्यातल्या 'लागलं व्हतं' या दोन शब्दांत होती. 'सुरुवात झाली' असे लिहिताच ती लांबी नाहीशी झाली.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा फरक किरकोळ वाटू नये. विस्थापनाचा इतिहास लिहिताना मुख्य प्रश्नांपैकी एक हाच असतो : पाणी आधी आले, की नवी जागा आधी मिळाली? आणि दोहोंमध्ये किती काळ गेला? कागदपत्रांत तारखा असतात : भूसंपादनाची, मोबदल्याची, उद्घाटनाची. त्या तारखांच्या मधला काळ कसा गेला, हे साक्षीदारच सांगू शकतो. आणि तो सांगतो क्रियापदाच्या रूपातून.

२३/
संपादनाचे काम ज्यांनी केले, त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मजकूर महाराष्ट्रभर वाचला जावा, कोणी हसू नये, हीच त्यांची इच्छा असणार. पण 'याय लागलं' हे त्यांनी आपल्या कानाने ऐकले. त्यांच्या मराठीत लागणे म्हणजे आरंभ. ते रूप ओळखीचे वाटले म्हणून अर्थही ओळखीचा धरला गेला. अनोळखी शब्द भेटला, तर आपण कोश उघडतो. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आला, की फसगत होते आणि ती लक्षातही येत नाही.

२४/
याला जगात सोबत आहे. जपानच्या शिकोकू बेटावर उवाजिमा नावाचे शहर आहे. तोक्योच्या प्रमाण जपानीत फुलांविषयी "चित्ते इरु" म्हटले, तर पाकळ्या गळत आहेत की गळून पडल्या आहेत, हे संदर्भावरून ठरवावे लागते. उवाजिमाच्या बोलीत दोन वेगळी रूपे आहेत : "चिरियोरु" म्हणजे गळत आहेत, "चित्तोरु" म्हणजे गळून खाली पडल्या आहेत. पश्चिम जपानच्या पुष्कळ बोलींत हा भेद आढळतो. म्हणजे ज्या ठिकाणी राजधानीची भाषा मोघम आहे, त्या ठिकाणी प्रांताची बोली नेमकी आहे. जपानी भाषाशास्त्रज्ञांनी उवाजिमाच्या या दोन रूपांचा बारकाईने अभ्यास केला आहे.

२५/
आपल्याकडेही असा बारीक भेद कानाला पारखावा लागतो. "पाऊस पडलाय" म्हणजे पडून गेला, जमीन ओली आहे. "पाऊस पडायलाय" म्हणजे आत्ता पडतो आहे, छत्री घ्या. दोन्हींच्या शेवटी 'लाय' आहे. ज्याचा कान 'करतोय'वर वाढला, त्याला दुसरे वाक्यही झालेल्या गोष्टीसारखे ऐकू येते. "आलोय" आणि "यायलोय" यांतला गोंधळ तर पुण्यात राहणाऱ्या मराठवाड्यातील प्रत्येक विद्यार्थ्याला परिचयाचा आहे. फोनवर "यायलोय" म्हणावे, तर समोरचा विचारतो, "आलास? मग दिसत कसा नाहीस?"

२६/
त्याच जपानच्या दुसऱ्या टोकाला, ओकिनावात, शाळेत स्थानिक भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. तिला 'होगेन फुदा' म्हणत, म्हणजे बोलीची पाटी. आपल्याकडे पाटी नव्हती. हसू होते. 'करून राहिला' हा चित्रपटांतला आणि मालिकांतला हमखास विनोद, 'करायलाय' हा वसतिगृहातला. हसण्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, पण परिणाम तोच होतो. आजी 'यायलाय' म्हणते, तिची मुले घरात 'यायलाय' आणि बाहेर 'येतोय' म्हणतात, नातवंडे दोन्हीकडे 'येतोय'.

२७/
प्रमाण भाषा नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. हा धागाच मी प्रमाण मराठीत लिहितो आहे. कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत आपण एकमेकांचे वाचू शकतो, ते तिच्यामुळे. माझे म्हणणे इतकेच : प्रमाण भाषा हे लिहिण्याचे साधन आहे. साक्ष ऐकण्याचे साधन म्हणून ती पुरेशी नाही. तिच्या चाळणीतून बोली गाळली, की खाली उरते ते वाक्य शुद्ध असते, पण त्याचा अर्थ साक्षीदाराचा असेलच, असे नाही.

२८/
तुमच्यापैकी अनेक जण घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी मुद्रित करतात. त्यांच्यासाठी तीन सूचना. एक, बोलणे जसे ऐकू आले तसे लिहा. व्हतं, आमी, वढा, सगळे ठेवा. दोन, अर्थ खाली वेगळ्या ओळीत द्या, मूळ वाक्य पुसून नव्हे. तीन, लागला, राहिला, असे, होता ही सहायक क्रियापदे आली, की तेथेच थांबून विचारा : तेव्हा सुरू झालं, की चालूच होतं? किती दिवस? या तिसऱ्या प्रश्नातून बहुधा एक नवीच गोष्ट बाहेर येते. आणि बोलणारा कोणत्या गावचा, कोणत्या माहेरचा, हेही टिपून ठेवा. मूळ ध्वनिमुद्रण कधीही पुसू नका.

२९/
हे तातडीने करण्याचे कारण साधे आहे. १९४८ प्रत्यक्ष पाहिलेले आणि आठवत असलेले लोक आज नव्वदीच्या आसपास आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले, जायकवाडीत घर गेलेले लोक सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याजवळ तारखा नाहीत, कागद नाहीत. जवळ आहे ती बोली, आणि त्या बोलीत काळ मोजण्याची स्वतःची रीत आहे. ती रीत समजणारी शेवटची पिढी कदाचित आपली असेल. आपल्या पुढच्यांना त्यांचे शब्द ऐकू येतील, पण 'लागलं व्हतं' यातला आख्खा पावसाळा ऐकू येणार नाही.

३०/
आता काम तुमचे. आज घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीसमोर बसा. अंगणात कोणी पाणी भरत असेल, पाऊस पडत असेल, भाकरी भाजली जात असेल, तर नुसते विचारा : ते काय चाललंय? उत्तर जसे येईल तसे, त्या व्यक्तीचे गाव आणि तालुका यांसह खाली लिहा. नाव लिहू नका, त्याची गरज नाही. राहिला, लागला, आहे, की यांपैकी कोणतेच नाही? पुढच्या धाग्यात या उत्तरांचा तालुकावार नकाशा करू. ज्या पाहणीने १९०५ मध्ये आपली वेस ओलांडली नाही, तिचा एक लहानसा तुकडा आपणच पुरा करू या.